म्हातारी कोंबडी आजारी पडल्यास घरच्या घरी घ्यावयाची काळजी



आपल्याकडे खेड्यापाड्यांत घरटी चार-दोन कोंबड्या पाळण्याची पद्धत पूर्वापार चालत आलेली आहे. अंगणात, उकिरड्यावर आणि खळ्यात सांडलेले दाणे, किडे-मुंग्या, कोवळा पाला यांवर या कोंबड्या पोसतात. अंड्यांचा जो काही पैसा येतो तो बहुधा घरच्या बाईच्या हातात राहतो व मीठ-मिरची, मुलांची वही-पेन्सिल असा किरकोळ खर्च त्यातून भागतो. अशा घरात एखादी कोंबडी पाच-सहा वर्षांची होते. तिने कितीतरी वेळा अंडी उबवून पिले काढलेली असतात, घारीशी व मांजराशी झुंजून ती वाढविलेली असतात. घरातल्या लहानथोरांचा तिच्यावर जीव जडलेला असतो. एके दिवशी ही कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसते आणि दाणे टाकले तरी जागची हलत नाही.

अशा वेळी घरात साधारणपणे दोन सल्ले ऐकू येतात. एक म्हणजे, "म्हातारी झाली, आता काय करायचे?" आणि दुसरा म्हणजे, "मरण्यापूर्वी बाजारात नेऊन विकून टाका." हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्यामुळे बरी होण्यासारखी कोंबडी हकनाक मरते. दुसऱ्यामुळे रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातो. या दोहोंऐवजी आपण काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

म्हातारपण हा रोग नव्हे

देशी कोंबडी सर्वसाधारणपणे सहा-सात महिन्यांची झाली की अंडी देऊ लागते. पहिल्या एक-दोन वर्षांत ती जास्तीत जास्त अंडी देते व पुढे दरवर्षी अंडी कमी होत जातात. मात्र तिची नीट निगा राखली आणि घार, मुंगूस, कुत्रे यांपासून ती वाचली, तर सहा ते आठ वर्षे सहज जगते. अंडी कमी झाली म्हणून ती निरुपयोगी होत नाही. खुडूक बसून दहा-बारा अंडी एकवीस दिवस उबविणे आणि पिले सांभाळणे हे काम अनुभवी देशी कोंबडी उत्तम करते. वनराजा, गिरीराजा यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी उबविण्यासाठी अनेक घरी देशी कोंबडीच वापरली जाते.

वय वाढल्यावर कोंबडीत काही बदल होतातच. चाल मंद होते. उंच दांडीवर उडी मारणे जमत नाही. उकरणे कमी झाल्यामुळे नखे वाढतात. पायाच्या मागील बाजूस कोंबड्यासारखा काटा वाढू शकतो. अंडी दोन-चार आठवड्यांच्या अंतराने मिळतात किंवा बंद होतात. पावसाळा संपत आला की पिसे झडतात व नवी येतात, त्या काळात कोंबडी उदास दिसते आणि अंडी देत नाही. हा सर्व निसर्गक्रम आहे, त्यासाठी औषध लागत नाही.

परंतु खाणे सोडणे, पंख गाळून बसणे, तुरा पांढरट किंवा निळसर पडणे, छातीचे हाड धारदार हाताला लागणे, श्वासाला आवाज येणे ही लक्षणे म्हातारपणाची नाहीत. ती आजाराची आहेत. "वय झाले" असे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोंबडी आपला आजार शेवटपर्यंत लपविते. कळपात जी दुबळी दिसते तिला इतर कोंबड्या टोचतात, म्हणून अंगात बळ आहे तोवर ती सर्वांबरोबर चरण्याचे सोंग करते. ती आजारी असल्याचे आपल्या नजरेस येते त्या वेळी आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणूनच "उद्या पाहू" असे म्हणू नये.

पहिला प्रश्न : एक की अनेक?

कोंबडी हातात घेण्यापूर्वी बाकीच्या कोंबड्यांकडे व शेजारच्या घरांकडे नजर टाकावी. आजारी आहे ती एकटीच की आणखी कोणी आहे?

दोन-तीन दिवसांत एकापाठोपाठ अनेक कोंबड्या आजारी पडल्या, हिरवट-पांढरी पातळ हगवण लागली, चोच उघडून श्वास घेऊ लागल्या, मान वाकडी झाली किंवा पाय-पंख लुळे पडले, तर तो राणीखेत म्हणजेच मानमोडी रोग असण्याची दाट शक्यता असते. या रोगावर औषध नाही. लस हाच एक उपाय आहे व तीही रोग येण्यापूर्वी टोचलेली असली पाहिजे.

कोंबड्या फारशी लक्षणे न दाखविता अचानक मरू लागल्या, तुरा व डोके सुजले, तुरा जांभळा-काळा पडला, तर बर्ड फ्लूची शंका घ्यावी. आपल्या देशात कोंबड्यांमध्ये हा रोग प्रथम २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. त्यानंतर २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातही तो आढळला. हा रोग माणसालाही होऊ शकतो. अशा वेळी मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने शिवू नये, त्या कापू नयेत, नाल्यात टाकू नयेत. लहान मुलांना दूर ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवावे. पुढे दिलेले घरगुती उपचार अशा प्रसंगी करीत बसू नये.

बाकीच्या कोंबड्या धडधाकट आहेत, शेजारीही मरतूक नाही आणि एकटी म्हातारीच काही दिवसांपासून मलूल आहे, असे असेल तर घरच्या शुश्रूषेने गुण येण्याची आशा असते. तरीसुद्धा पहिले तीन-चार दिवस तिला साथीचाच रोग आहे असे धरून चालावे.

पहिल्या दिवशी करावयाच्या तीन गोष्टी

१. वेगळे ठेवणे : आजारी कोंबडीला डालग्याखाली किंवा लाकडी खोक्यात, इतर कोंबड्यांपासून दूर, निवाऱ्याच्या जागी ठेवावे. खाली भाताचे कोरडे तूस, गव्हाचे काड किंवा जुने गोणपाट अंथरावे व रोज बदलावे. तिचे पाण्याचे व खाण्याचे भांडे वेगळे असावे. सकाळी आधी निरोगी कोंबड्यांना दाणा-पाणी द्यावे व शेवटी आजारी कोंबडीकडे जावे. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत. कोंबडी ठेवण्याची जागा स्वयंपाकघरात नसावी.

२. ऊब देणे : निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे तिचे अंग आपल्या हाताला नेहमी गरमच लागते. हात लावून "ताप आहे" असे ठरवू नये. आजारी कोंबडी पिसे फुलविते ती थंडी वाजते म्हणून. अन्न पोटात नसल्याने तिला शरीराची ऊब टिकविता येत नाही. याकरिता खोक्याच्या एका बाजूस ४० किंवा ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब टांगावा. हल्लीच्या एलईडी बल्बने उजेड पडतो पण पुरेशी ऊब मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. वीज नसल्यास बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी. ऊब एकाच बाजूस असावी, म्हणजे नकोशी झाल्यास कोंबडी दुसऱ्या बाजूस सरकू शकते. ती चोच उघडून धापा टाकू लागली व पंख अंगापासून दूर धरू लागली तर ऊब जास्त झाली असे समजावे. बल्ब तूस, काड किंवा गोणपाट यांना लागणार नाही अशी खबरदारी घ्यावी, अन्यथा आग लागण्याची भीती असते. उन्हाळ्यात मात्र ऊब देण्याऐवजी सावली व गारवा द्यावा.

३. पाणी पाजणे : उपासापेक्षा पाण्यावाचून कोंबडी लवकर दगावते. निरोगी कोंबडी दिवसाला साधारणपणे १५० ते २५० मि.लि. पाणी पिते. एक लिटर स्वच्छ कोमट पाण्यात चहाचे चार चमचे साखर किंवा बारीक केलेला गूळ व पाव चमचा मीठ विरघळून ते पाणी एक-दोन दिवस द्यावे. मीठ यापेक्षा जास्त घालू नये, कोंबडीला जादा मीठ विषासारखे बाधते. हे पाणी रोज ताजे करावे व शेजारी साधे पाणीही ठेवावे. कोंबडी स्वतः पीत नसेल तर तिची चोच पाण्यात अलगद बुडवावी किंवा चोचीच्या कडेवर थेंब थेंब सोडून तिला गिळू द्यावे. चोच उघडून घशात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन कोंबडी जागच्या जागी मरते. पुष्कळ आजारी कोंबड्या आजाराने न मरता अशा पाणी पाजण्याने मरतात.

ऊब व पाणी मिळून कोंबडीला थोडी हुशारी आली की मगच खाण्याचा विचार करावा. तांदळाच्या कण्यांचा मऊ भात, ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठाची पातळसर कण्हेरी, कुस्करलेले उकडलेले अंडे असा मऊ आहार दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा द्यावा. उरलेले उचलून टाकावे, आंबू देऊ नये. बुरशी लागलेला मका, काळी पडलेली शेंगदाण्याची पेंड कोंबडीला कधीही घालू नये. बुरशीच्या विषाने काळीज खराब होते आणि म्हाताऱ्या कोंबडीला ते सोसत नाही.

चोचीपासून शेपटीपर्यंत तपासणी

कोंबडी थोडी स्थिरावल्यावर संध्याकाळी, शांत वेळी तिला मांडीवर घेऊन तपासावे. पंख अंगाशी दाबून धरावेत, मात्र छाती आवळू नये. कोंबडीला श्वास घेताना छाती हलवावी लागते, ती दाबली गेल्यास ती गुदमरते.

अन्नपिशवी : गळ्याच्या खाली, छातीच्या उजव्या बाजूस अन्नपिशवी असते. रात्री ती भरलेली व सकाळी दाणे टाकण्यापूर्वी रिकामी असली पाहिजे. सकाळीही ती दगडासारखी टणक लागत असेल तर गवताचे लांब धागे, सुतळी, प्लॅस्टिकचा तुकडा असे काही तरी अडकले आहे असे समजावे. अशा वेळी दाणे बंद करावेत. चहाचा एक चमचा गोडे तेल थेंबाथेंबाने पाजावे, कोमट पाणी द्यावे आणि दिवसातून तीन-चार वेळा बोटांनी पिशवी हलकेच चोळावी. दुसऱ्या दिवशीही पिशवी मोकळी झाली नाही तर डॉक्टरांकडे न्यावे, लहान शस्त्रक्रियेने ती साफ करता येते. पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागत असेल व तोंडाला आंबट घाण वास येत असेल तर अन्न आंबलेले असते. काही जण अशा कोंबडीला उलटे टांगून पिशवी पिळतात. हे अतिशय धोक्याचे आहे, तसे करू नये.

पोट व गुदद्वार : कोंबडी शेपूट खाली टाकून, अंग ताठ उभे धरून वारंवार कुंथत असेल तर अंडे अडकल्याची शंका घ्यावी. एका टोपात ३८ ते ४० अंश, म्हणजे आपल्या कोपराला सोसेल इतके कोमट पाणी घेऊन त्यात तिला पोटापर्यंत १५ ते २० मिनिटे बसवावे. नंतर कोरडे करून, गुदद्वाराच्या कडेला स्वच्छ बोटाने गोडे तेल लावून अंधाऱ्या उबदार जागी ठेवावे. बहुधा काही तासांत अंडे पडते. अंडे आत फोडण्याचा प्रयत्न कधीही करू नये, टरफलाच्या कडांनी आतून जखमा होतात. एका दिवसात अंडे न पडल्यास किंवा कोंबडी त्यापूर्वीच गळून गेल्यास थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

पोट पाण्याच्या पिशवीसारखे फुगलेले व डबडबीत लागत असेल तर गोष्ट गंभीर आहे. म्हाताऱ्या कोंबडीत अंड्याचा बलक नलिकेऐवजी पोटात पडून सडतो, पोटात पाणी साठते किंवा अंडाशयात गाठी होतात. अंडाशयाचा कर्करोग वयस्क कोंबड्यांमध्ये आपोआप होतो आणि म्हणूनच माणसाच्या त्या रोगाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कोंबड्यांचा उपयोग करतात. यावर घरगुती उपाय नाही.

शीट : कोंबडीची नेहमीची शीट घट्टसर असून तिच्यावर पांढरा थर असतो. हा पांढरा भाग म्हणजे तिची लघवी होय. दिवसातून एक-दोन वेळा तपकिरी, चिकट, उग्र वासाची शीट पडते, तीही नेहमीचीच. नुसतीच हिरवी शीट पडत असेल तर कोंबडी उपाशी आहे असे समजावे. रक्त दिसल्यास रक्ती हगवण, तर शेवया किंवा तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसल्यास जंत असतात. शीट स्वच्छ डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेल्यास तपासून मिळू शकते. जंताचे औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

उवा व रक्त पिणारे कीटक : गुदद्वाराभोवतीची व पंखाखालील पिसे बाजूला सारून पाहावे. पिसांच्या मुळाशी पांढऱ्या अंड्यांचे झुबके व पळणाऱ्या पिवळसर उवा दिसतात. आजारी कोंबडी धुळीत लोळत नाही, म्हणून तिच्या अंगावर उवा चटकन वाढतात. तुरा पांढरट पडला असून दिवसा अंगावर काहीच सापडत नसेल तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात पाहावे. गोचीड व बारीक लाल किडे दिवसा खुराड्याच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. ते कित्येक महिने उपाशी राहू शकतात. म्हणून केवळ कोंबडीवर उपाय करून भागत नाही. खुराडे रिकामे करून फटींत उकळते पाणी ओतावे, कडक उन्हात वाळवावे व चुन्याची सफेदी द्यावी. कोंबडीला लोळण्यासाठी कोरडी माती व चुलीची थंड, चाळलेली राख एकत्र करून ठेवावी. पिकावर फवारण्याचे औषध कोंबडीच्या अंगाला किंवा खुराड्याला लावू नये. त्याने उवांबरोबर कोंबडीही मरते.

पाय : पायावरील खवले उचललेले व खाली पांढरा भुसा साठलेला दिसला तर ती पायाची खरूज होय. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या दातांच्या मऊ ब्रशने हलके घासावेत, कोरडे करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन दाट लावावे. एक दिवसाआड असे तीन-चार आठवडे करावे. पूर्वी यावर रॉकेल लावीत, त्याने कातडी भाजते म्हणून लावू नये. तळपायाला सूज असून मध्ये काळी खपली असेल तर तो तळव्याचा गळू असतो. कोंबडीचा पू पातळ नसून पनीरसारखा घट्ट असतो, म्हणून गळू दाबून फुटत नाही. पाय कोमट मिठाच्या पाण्यात रोज शेकून पोव्हिडोन आयोडीन लावावे व मऊ पट्टी बांधावी. सूज वाढल्यास डॉक्टरांकडून साफ करून घ्यावे. वाढलेली नखे नेलकटरने फक्त टोकाकडून कापावीत. रक्त आल्यास हळद दाबून धरावी.

औषधांबाबत सावधगिरी

घरात उरलेल्या माणसाच्या गोळ्या कोंबडीला देऊ नयेत. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने आपल्या देशातील गिधाडे जवळजवळ संपली व २००६ साली जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. हे औषध पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला घातक आहे, ही गोष्ट कोंबडीलाही लागू आहे. त्याचप्रमाणे प्रतिजैविकाची अर्धी कॅप्सूल पाण्यात टाकून देण्याची सवय सोडावी. त्याने रोग बरा होत नाही, उलट जंतू औषधाला दाद देईनासे होतात. कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्न देणाऱ्या पशुपक्ष्यांना देण्यास २०१९ पासून बंदी आहे. डॉक्टरांनी औषध दिल्यास "अंडी किती दिवस खाऊ नयेत?" हे आवर्जून विचारावे आणि तितके दिवस अंडी पुरून टाकावीत.

शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीचे खडे अंडी देणाऱ्या कोंबडीला आवश्यक असतात. पण अंडी बंद झालेल्या म्हातारीच्या मूत्रपिंडावर जादा चुन्याचा ताण पडतो. म्हणून तो खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवावा, ज्या कोंबडीला गरज असेल ती उचलते. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेले बियाणे व उंदराचे औषध कोंबडीच्या वाटेत येणार नाही हे पाहावे. अचानक थरथरणारी, लाळ गाळणारी कोंबडी ही बहुधा विषबाधेची असते.

डॉक्टरांना केव्हा बोलवावे?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. चोवीस तासांत पाणी पिण्यास सुरुवात न करणे, चोच उघडून श्वास घेणे, पोट फुगणे, मान वाकडी होणे, रक्त पडणे, उभे राहता न येणे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा १९६२ या विनाशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी. "एका कोंबडीसाठी डॉक्टरांना काय त्रास द्यायचा?" असा संकोच करू नये. म्हातारीचा आजार साथीचा ठरला तर तिच्यामुळे गावातील शेकडो कोंबड्या वाचू शकतात. सांगताना तिचे वय, किती दिवसांपासून आजारी आहे, काय खाल्ले, शीट कशी आहे आणि लस केव्हा टोचली होती ही माहिती द्यावी. ती एका कागदावर लिहून ठेवल्यास उत्तम.

बरी झाल्यावर

चांगली खाऊ लागली, शीट नेहमीसारखी झाली, तुऱ्याला लाली आली की आणखी आठवडाभर वेगळीच ठेवावी. मग डालगे इतर कोंबड्यांना दिसेल असे ठेवून दोन-तीन दिवस परस्परांची ओळख होऊ द्यावी. पुष्कळ दिवस बाजूला राहिलेली कोंबडी कळपाला परकी वाटते व तिला टोचून रक्तबंबाळ करतात. अंधार पडताना तिला खुराड्यात सोडावे. सकाळी सर्वजणी एकत्र उठतात व भांडण कमी होते.

यापुढे तिच्यासाठी थोडी सोय करावी. बसण्याची दांडी जमिनीपासून फूट-दीड फुटावर आणावी, उंच उडी मारून पाय दुखावतात. दाणे टाकताना तिला एका बाजूस वेगळे टाकावेत. नजर अधू झाली असेल तर पाण्याचे भांडे रोज एकाच जागी ठेवावे. विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात दुपारी सावलीत ओले गोणपाट टांगावे व मातीच्या भांड्यात गार पाणी ठेवावे. पावसाळ्यात खुराड्यातील तूस ओले राहू देऊ नये. आठवड्यातून एकदा तिला तागडीत वजन करून पाहावे. पिसांखाली वाळलेले अंग डोळ्यांना दिसत नाही, पण वजन खोटे बोलत नाही.

राणीखेतची लस निरोगी कोंबड्यांनाच टोचावी, आजारी कोंबडीला नव्हे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे आठव्या आठवड्यात आर-टू-बी व त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे लस द्यावी. लस बर्फातून आणावी व संध्याकाळच्या थंड वेळी द्यावी.

ती वाचण्यासारखी नसल्यास

सर्व काही करूनही काही कोंबड्या वाचत नाहीत. पोटात गाठी झालेली, दिवसेंदिवस उपाशी कुंथणारी कोंबडी आशेवर ठेवून तिचे हाल करू नयेत. पशुवैद्यक तिला वेदना न होता शांतपणे मरण देऊ शकतात, तशी विनंती करण्यात कमीपणा मानू नये. आजाराने मेलेली किंवा औषध चालू असलेली कोंबडी खाऊ नये, कुत्र्यालाही घालू नये. विहिरीपासून व ओढ्यापासून दूर किमान तीन फूट खोल खड्डा करून, वर चुना टाकून ती पुरावी. तिचे तूस जाळावे, डालगे धुऊन उन्हात वाळवावे. कशाने मेली हे जाणून घ्यावयाचे असेल तर कोंबडी न कापता, प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जवळ असल्यास परळ, नागपूर, परभणी, उदगीर वा शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करून न्यावी.

शेवटी पुन्हा सांगावेसे वाटते की, आजारी कोंबडी आठवडी बाजारात नेऊ नये. शंभर-दोनशे रुपयांसाठी विकलेली ती कोंबडी एका पाटीत दहा गावांच्या कोंबड्यांबरोबर दिवसभर बसते आणि संध्याकाळी रोग दहा घरी पोचतो. त्यांतील एखाद्या घरी चार कोंबड्यांवरच मुलांच्या वह्यांचा खर्च चालत असतो. जिने आपल्या घरात वर्षानुवर्षे पिले वाढविली, तिला चार दिवस ऊब, पाणी व मऊ घास देणे आपल्या ऐपतीबाहेरचे नाही. ती उठली तर पुढच्या खेपेस पुन्हा अंड्यांवर बसेल. नाही उठली, तरी तिच्यामागे खुराडे निरोगी राहील आणि शेजाऱ्याचेही.